बसगाडीचा पहिला इशारा कोण ऐकणार?

रायपूरच्या भाठागाव आंतरराज्य बसस्थानकावरून रात्री नागपूर, पुणे, हैदराबादकडे सुटणाऱ्या खाजगी गाड्यांत आता अशा गाड्यांची भर पडत आहे की, ज्यांच्या चालकाच्या डाव्या पायाला काही काम उरलेले नाही. क्लचचे पेडल नाही, गिअरचा लांब दांडा नाही. एक मूठ किंवा कळ ‘डी’वर आणावयाची आणि पुढचे गिअर गाडीने आपले आपण बदलावयाचे. ही गाडी बिघडू लागते तेव्हा ती कशी बिघडते, तिची पहिली खूण कोणाला समजते आणि समजल्यावर त्या माणसाचे कोणी ऐकते काय, याचा विचार येथे करावयाचा आहे. गिअरबॉक्सचा प्रश्न पक्षाच्या मुखपत्रात कशाला, असे एखादा कॉम्रेड विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, पन्नास माणसे घेऊन धावणारे यंत्र केव्हा थांबवावयाचे हे ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न मालकीचा आणि म्हणूनच राजकारणाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्वयंचलित गिअरबॉक्स ही श्रीमंतांच्या मोटारींसाठी निघालेली चैन आहे, अशी समजूत आपल्या कार्यकर्त्यांतही आढळते. बसच्या बाबतीत ती खरी नाही. शहरातली बस दर थांब्याला, दर चौकात थांबते आणि पुन्हा सुटते. हाताने गिअर टाकणाऱ्या चालकाला एका पाळीत शेकडो वेळा क्लच दाबावा लागतो. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षे हे काम केले, त्यांच्या गुडघ्यांना आणि कमरेला विचारावे. लंडनमध्ये १९५६ साली सेवेत आलेल्या रूटमास्टर या दुमजली गाडीला स्वयंचलित गिअरबॉक्स होता. सोव्हिएत संघात मॉस्कोजवळच्या लिकिनो-दुल्योवो येथील कारखान्यात १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून लिआझ-६७७ ही शहरी बस मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. तिलाही तेलाच्या दाबावर चालणारा दोन गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स होता, आणि अशा जवळजवळ दोन लाख गाड्या तेथे निघाल्या. ती गाडी इंधन फार पीत असे, हा तिचा दोष कोणी झाकण्याचे कारण नाही. परंतु चालकाचे श्रम कमी व्हावेत आणि उभ्या प्रवाशाला धक्का बसू नये, हा विचार सार्वजनिक वाहतुकीच्या यंत्ररचनेत तेव्हा केला गेला होता. यंत्र कामगाराचे शत्रू नव्हे, ही आपली जुनी भूमिका येथेही लागू पडते.

आपल्या देशात अशा गाड्या शहरांत मोठ्या संख्येने आल्या त्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाच्या काळात, २००९ आणि त्यानंतरच्या वर्षांत. त्या योजनेतून मिळालेल्या बुटक्या पायरीच्या अनेक गाड्यांत स्वयंचलित गिअरबॉक्स होता. गाड्या आल्या, त्यांची निगा राखणारी कार्यशाळा, तेथला शिकलेला कारागीर आणि सुटे भाग मात्र त्या प्रमाणात आले नाहीत. सरकार गाडी विकत घेण्यास पैसे देते, ती राखण्यास देत नाही, हा अनुभव दवाखान्यातल्या क्ष-किरण यंत्रापासून शेतावरच्या पंपापर्यंत सर्वत्र सारखाच आहे.

खूण कशी ओळखावी

हाताने बदलावयाच्या गिअरबॉक्समध्ये दातांची चक्रे एकमेकांत अडकवली जातात; बिघाड झाला तर तो आवाज करून सांगतो. स्वयंचलित गिअरबॉक्सची रचना वेगळी आहे. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे तेलाने भरलेल्या डब्यात समोरासमोर ठेवलेले दोन पंखेच. एक पंखा इंजिनने फिरतो, त्याने ढकललेले तेल दुसऱ्याला फिरविते. पुढे मधल्या चक्राभोवती फिरणारी चक्रे असतात आणि त्यांपैकी कोणते चक्र धरावयाचे व कोणते सोडावयाचे, हे पातळ घर्षणपट्ट्यांच्या जुड्या तेलाच्या दाबाने ठरवितात. या गिअरबॉक्सात तेल म्हणजे केवळ वंगण नव्हे. तेच शक्ती पोहोचविते, तेच पट्ट्या दाबते आणि तेच उष्णता वाहून नेते. म्हणून या यंत्राचा बहुतेक सर्व आजार तेलात आधी दिसतो.

आजार वाढतो कसा, हे समजून घेतले म्हणजे पहिल्या खुणेचे मोल कळते. दाब थोडा कमी पडला की पट्टी घट्ट धरत नाही, किंचित घसरते. घसरली की तापते. तापली की तेल जळू लागते आणि जळलेल्या तेलाचा चिकट थर झडपांवर बसतो. झडप अडकली की दाब आणखी कमी पडतो. हे चक्र सुरू झाल्यावर आठवडाभरात किंवा महिन्याभरात गाडी रस्त्यात उभी राहते. प्रारंभी तेल आणि गाळणी बदलून जे काम भागले असते, त्यासाठी नंतर संपूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि तो खर्च लाखांच्या घरात जातो.

सकाळची पहिली खूण चालकालाच मिळते. गाडी सुरू केली, ब्रेकवर पाय ठेवून ‘डी’ टाकला, आणि गाडीने लगेच पकड घेतली नाही. एक-दोन सेकंद वाट पाहावयास लावून मग झटका देऊन धरले. थंड गाडीत हे एखादे वेळी होते. पण रोज होऊ लागले, किंवा गाडी तापल्यावरही होऊ लागले, तर तेलाची पातळी, गाळणी आणि पंपाचा दाब तपासलाच पाहिजे. चालक यालाच ‘गाडी उशिरा पकडते’ असे म्हणतो, आणि त्याहून नेमका शब्द कोणत्याही पुस्तकात नाही.

दुसरी खूण उड्डाणपुलावर किंवा चढावर कळते. इंजिनाचा आवाज वाढतो, काटा वर चढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही. हीच घसरण होय. हाताच्या गाडीत क्लच झिजला असता असेच होते, म्हणून जुना चालक ती लगेच ओळखतो. या खुणेनंतर गाडी प्रवासी घेऊन चालविणे म्हणजे पट्ट्या जाळणे होय. तिसरी खूण अधिक फसवी असते. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना गाडीला थरथर सुटते, खडबडीत पट्ट्यांवरून चाललो आहोत असे वाटते आणि पाय थोडा उचलला की ती थांबते. कन्व्हर्टरमधली पकड बसताना घसरत असल्याचे हे लक्षण असू शकते. गिअर बदलताना धक्का बसणे, किंवा गाडीने दोन गिअरांमध्ये वर-खाली घुटमळत राहणे, ही त्याच मालिकेतली लक्षणे.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण नवशिका कारागीर सर्व दोष गिअरबॉक्सच्या माथी मारतो. इंजिनाचे रबरी टेकू फाटले असले, प्रोपेलर शाफ्टचा सांधा ढिला झाला असला, डिझेलची गाळणी तुंबून इंजिन अडखळत असले, तरी चालकाला धक्का आणि थरथर जाणवते. गिअरबॉक्सला हात घालण्यापूर्वी या स्वस्त गोष्टी तपासाव्यात. बॅटरी उतरलेली असली किंवा पावसाळ्यात तारांच्या जोडणीत पाणी शिरले असले, तरी नियंत्रक यंत्रणा घाबरून गाडी एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवते. दिवा लागतो, गाडी रांगत आगारात येते, आणि कित्येकदा दोष निघतो तो एका गंजलेल्या जोडाचा.

तेल पाहण्याचीही रीत आहे. गाडी सपाट जागी उभी करून, तेल नेहमीच्या तापमानाला आल्यावर, निर्मात्याने सांगितलेल्या पद्धतीनेच पातळी मोजावी. कारण थंड आणि तापलेल्या तेलाच्या पातळीत बराच फरक पडतो. कमी तेल जितके वाईट तितकेच जास्त तेलही वाईट. जास्त झाले की फेस होतो, आणि फेसाने दाब निर्माण होत नाही. रंगावर एकट्यावर विसंबू नये, कारण काही तेले वापरात सहजच काळपट होतात. वास घ्यावा. जळका वास आला तर पट्ट्या तापल्या आहेत. तेल दुधी दिसले तर शीतकातून पाणी आत शिरले आहे, आणि मग गाडी त्याच क्षणी थांबवावी, कारण पाणी लागलेल्या घर्षणपट्ट्या सुटून येतात. गाळणीत किंवा तळाच्या चुंबकावर बारीक धातूचा लेप असणे नेहमीचे आहे. चकाकते कण किंवा तुकडे सापडणे नेहमीचे नाही. रात्री गाडी उभी होती तेथे जमिनीवर पडलेला डाग सकाळी पाहावा. झाडूवाली बाई तो डाग रोज पाहते. तिला कोणी विचारीत नाही, ही गोष्ट वेगळी.

रायपूरचा उन्हाळा आणि केशकालचा घाट

गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान साधारणपणे ८० ते १०० अंशांच्या आसपास राहावे. ते सतत १२०च्या पुढे राहिले तर तेलाचे आणि पट्ट्यांचे आयुष्य झपाट्याने घटते. आता रायपूरचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. बाहेरची हवाच ४४-४५ अंशांवर जाते. सिलतरा आणि उरला या औद्योगिक पट्ट्यांत स्पंज आयर्नच्या भट्ट्यांची काळी धूळ रस्त्यावर पसरते, ती शीतकाच्या जाळ्यांत बसते, आणि जाळी तुंबली की तेल थंड करणारी हवा आत येत नाही. चालकाला दिसतो तो फक्त काटा. जाळी धुणे हे दहा मिनिटांचे काम आहे. पण ते ‘धुलाई’ या सदरात येते, आणि धुलाईचा ठेका दुसऱ्याच माणसाकडे असतो, जो काचा आणि पत्रा धुतो.

रायपूरहून धमतरी, कांकेरमार्गे जगदलपूरला जाणाऱ्या रस्त्यावर केशकालचा बारा वळणांचा घाट लागतो. चढताना कन्व्हर्टर तापतो. उतरताना, गाडीला रिटार्डर असेल तर, तो गतीचे रूपांतर उष्णतेत करतो, आणि त्याचा भार पुन्हा तेलावर आणि शीतकावर येतो. अशा उतारावर काही चालक गाडी न्यूट्रल करून सोडतात. हाताच्या गाडीत डिझेल वाचविण्यासाठी लागलेली ती घातक सवय आहे. स्वयंचलित गाडीत ती दुप्पट घातक ठरते. इंजिनाचा रोध जातो, रिटार्डरचे काम बंद पडते, वंगण कमी होते, आणि सर्व ओझे ब्रेकवर येऊन ते तापतात.

मात्र ही सवय लागली कशी, हे विचारल्याखेरीज चालकाला दोष देणे सोपे आणि अन्यायाचे आहे. लिटरमागे किती किलोमीटर मिळाले यावर जेथे बक्षीस किंवा कपात ठरते, तेथे माणूस उतारावर न्यूट्रलच करणार. मालक डिझेलचा हिशेब रोज ठेवतो, गिअरबॉक्सच्या तेलाचा ठेवीत नाही. कारण डिझेलचा खर्च आजचा आहे आणि गिअरबॉक्सचा खर्च पुढच्या वर्षीचा, कदाचित गाडी विकून टाकल्यानंतर दुसऱ्याच मालकाचा.

गाडी बंद पडल्यावर ती ओढून नेण्यातही असेच अज्ञान दिसते. स्वयंचलित गिअरबॉक्समधला तेलाचा पंप सहसा इंजिनाच्या गतीवर चालतो. इंजिन बंद ठेवून, प्रोपेलर शाफ्ट न सोडता गाडी वीस-तीस किलोमीटर ओढली, तर आतली चक्रे कोरडी फिरतात. जो गिअरबॉक्स किरकोळ दुरुस्तीने वाचला असता तो आगारात पोहोचेपर्यंत भंगार होतो. ढकलून सुरू करण्याचा जुना उपाय तर या गाडीत चालतच नाही.

लांब पल्ल्याच्या काही मोठ्या गाड्यांत आणखी एक प्रकार असतो. आत नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचाच क्लच, पण तो दाबण्याचे काम हवेच्या दाबावर चालणारे यंत्र करते. त्यात तेलापेक्षा हवेची गळती, क्लचचा जळका वास आणि चढावर गाडी मागे घसरणे, या खुणा महत्त्वाच्या. वाहतूक खोळंबली असता चढावर अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणारा चालक तो क्लच थोड्याच दिवसांत जाळून टाकतो. विजेच्या बसगाड्यांत तर बहुधा बदलावयाचे गिअरच नसतात. मोटर आणि चाक यांच्यामध्ये एकच घट्ट जोड असतो. त्याचा वाढता गुणगुणाट आणि तेलगळती या तेथल्या खुणा. तिन्ही गाड्या चालविताना सारख्याच वाटतात, दोन पेडले आणि एक कळ. पण तिघींचे रोग वेगळे आहेत. ज्या माणसाला ही माहिती पंधरा दिवसांच्या नीट प्रशिक्षणात देता येते, त्याला ती न देता गाडीवर बसविण्यात येते.

लिहिले की रोजी थांबते

भाठागावला गोंदियाकडचा एक चालक भेटला. नागपूर मार्गावर खाजगी गाडी चालवितो. त्याच्या खिशात एक लहान वही होती. गाडी उशिरा पकडू लागली त्या दिवसाची तारीख, किलोमीटर, आणि एक ओळ. चार दिवसांनी पुन्हा तसेच. नंतर ‘पुलावर आवाज वाढतो, गाडी जात नाही’. पुढची नोंद देवरीजवळ रात्री गाडी बंद पडल्याची. ही नोंद कंपनीच्या कागदावर का नाही, असे विचारता तो म्हणाला, “दादा, तिथं लिहिलं की गाडी थांबते, गाडी थांबली की माझी रोजी थांबते. सांगतो मी तोंडी. ते म्हणतात, ही फेरी मारून ये, मग पाहू.” गाडी बंद पडल्यावर त्याच्याच पगारातून काही रक्कम कापली गेली. त्याने निष्काळजीपणे चालविली, असे कारण देण्यात आले. वही त्याने कोणाला दाखविली नाही. दाखविली असती तर उद्या गाडीवर दुसरा माणूस बसला असता.

येथे प्रश्न यंत्राचा राहत नाही. खूण ओळखणारा माणूस आणि गाडी थांबविण्याचा अधिकार असलेला माणूस यांच्यामध्ये जी भिंत आहे, तिचा तो प्रश्न होतो. आणि रायपुरात ही भिंत कशी उभी राहिली याला इतिहास आहे. १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते. पुनर्रचनेनंतर विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्याकडे गेला आणि रायपूर मध्य प्रदेशात राहिले. त्या राज्याचे मार्ग परिवहन महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले, आणि नव्या राज्याने थोड्याच वर्षांत सरकारी बससेवा मोडीत काढली. मध्य प्रदेशानेही २००५ साली आपले महामंडळ बंद करण्याचा निर्णय घेतला. आगारे गेली, कार्यशाळा गेल्या, आणि त्यांबरोबर चालकाची तक्रार लिहून घेणारे टेबलही गेले.

त्या टेबलाचे आम्ही फाजील कौतुक करणार नाही. सरकारी आगारातही चालकाने लिहिलेल्या दोषासमोर ‘तपासले, ठीक आहे’ असा शेरा मारून तीच गाडी पुन्हा सोडण्याचे प्रकार सर्रास होत. परंतु तेथे नोंद राही. चालकाच्या नावाने, तारखेने, गाडीच्या क्रमांकाने ती राही. अपघातानंतर ती काढता येई, आणि कायम नोकरीतल्या माणसाला ती लिहिण्याची भीती नव्हती. महाराष्ट्रात एसटीच्या दापोडी, हिंगणा आणि चिकलठाणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत गाडी संपूर्ण उकलून पुन्हा बांधणारे कारागीर दोन-तीन पिढ्यांत तयार झाले. ही कौशल्याची ठेव बाजारात विकत मिळत नाही. २०२१च्या अखेरीपासून २०२२च्या एप्रिलपर्यंत एसटी कामगारांनी जो दीर्घ संप केला, त्याच्या मागण्यांबद्दल आणि नेतृत्वाबद्दल मतभेद असू शकतात. पण त्यानंतर एसटीत भाड्याच्या गाड्यांचे प्रमाण वाढविण्याचे जे धोरण आले, त्याने या कार्यशाळांखालची जमीनच काढून घेतली आहे, कारण भाड्याच्या गाडीची देखभाल भाड्याने देणाराच करतो.

मुंबईत या धोरणाचे फळ ९ डिसेंबर २०२४च्या रात्री कुर्ल्यात दिसले. बेस्टच्या नावाने, पण ठेकेदाराच्या मालकीने धावणारी विजेची बस बाजारपेठेच्या गर्दीत घुसली. किमान सात माणसे मेली, चाळीसहून अधिक जखमी झाली. गाडी बिघडली नव्हती, असे प्राथमिक तपासात सांगण्यात आले, आणि चालकाला अशा स्वयंचलित गाडीचा पुरेसा सराव नव्हता, ही बाब पुढे आली. चालकाला अटक झाली. थोड्या दिवसांच्या शिकवणीवर त्याला त्या गाडीवर बसविणाऱ्या व्यवस्थेचा विचार मात्र वृत्तपत्रांतून चार दिवसांत मावळला. त्याच्या सव्वा वर्ष आधी, ऑगस्ट २०२३मध्ये, बेस्टच्या ठेकेदारी कामगारांनी वेतनासाठी संप केला होता. तेव्हा प्रवाशांची गैरसोय हाच सर्वांच्या चिंतेचा विषय होता.

कायदा काय म्हणतो? १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या १९०व्या कलमानुसार सदोष वाहन जो चालवितो तोच नव्हे, तर जो ते चालवावयास लावतो किंवा चालवू देतो तोही दोषी आहे. कागदावर हे योग्य आहे. व्यवहारात पोलिसांच्या हाती प्रथम सापडतो तो चालक. जानेवारी २०२४मध्ये भारतीय न्याय संहितेतील दहा वर्षांच्या शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध देशभरच्या मालमोटार आणि बस चालकांनी स्टिअरिंग सोडले. त्यात छत्तीसगडचे चालकही होते. ती तरतूद पुढे सरकारला स्थगित ठेवावी लागली. त्या आंदोलनात मालकाने दिलेल्या सदोष गाडीचा मुद्दा जितक्या जोराने यावयास हवा होता तितका आला नाही, आणि यात आपल्या संघटनांचाही दोष आहे. आम्ही महागाई भत्ता, कपात, बडतर्फी यांवर लढलो. कार्यशाळेचा प्रश्न व्यवस्थापनाचा म्हणून सोडून दिला. गाडीच्या दोषाची नोंद हा कामगाराचा हक्क आहे, अशी मागणी आमच्या मागणीपत्रकांत क्वचितच आढळते.

करारात काय लिहावयाचे

आता ही मागणी रायपुरात प्रत्यक्ष करावयाची वेळ आली आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३मध्ये मंजूर केलेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत देशासाठी १०,००० विजेच्या बसगाड्या आहेत. छत्तीसगडच्या चार शहरांना मिळून २४० मंजूर झाल्या असून त्यांत रायपूरच्या वाट्याला १०० आहेत. गाड्या खाजगी कंपनीच्या, आणि केंद्राची मदत धावलेल्या किलोमीटरवर: मोठ्या बसला किलोमीटरमागे २४ रुपये, मध्यमला २२, लहानला २०. शहराला विजेच्या गाड्यांची गरज आहे आणि सिलतराच्या धुरात राहणाऱ्या माणसांना ती अधिक आहे, त्यामुळे योजनेलाच विरोध करणे शहाणपणाचे होणार नाही. पण पैसे जर किलोमीटरवर मिळणार असतील, तर उभी राहिलेली प्रत्येक गाडी कंपनीला तोट्याची वाटणार आणि गाडी थांबवा म्हणणारा प्रत्येक चालक अडचणीचा ठरणार. मोजमापाची ही पद्धतच पहिल्या खुणेच्या विरुद्ध काम करते.

२०२० साली टाळेबंदीत थांबलेल्या रायपूरच्या शहर बसगाड्या दीर्घकाळ उभ्याच राहिल्या आणि त्यांतल्या कित्येक पुन्हा चालण्याजोग्या उरल्या नाहीत, हे तेथल्या नागरिकांनी पाहिले आहे. गाडी चालवून जितकी खराब होते तितकीच ती न चालविता, न पाहता ठेवूनही होते. त्या वेळी गाड्यांची निगा कोणी राखावयाची, ठेकेदाराने की महापालिकेने, हा वाद चालू राहिला आणि टायर जमिनीत रुतले.

म्हणून रायपूर, दुर्ग-भिलाई, बिलासपूर आणि कोरबा या चारही शहरांतील आपल्या कॉम्रेडांनी महापालिकांपुढे आताच काही अटी मांडल्या पाहिजेत. चालकाने दोष लिहिला म्हणून जी गाडी थांबेल, तिच्या त्या दिवसाचे पूर्ण वेतन चालक-वाहकाला मिळाले पाहिजे. ही अट नसेल तर बाकी सर्व अटी निरर्थक आहेत. दोषाची नोंद तीन प्रतींत व्हावी: एक आगाराला, एक महापालिकेला, एक चालकाच्या हाती. त्या नोंदीवर काय केले हे कारागिराने सहीनिशी लिहावे, आणि एकच दोष दुसऱ्यांदा आला तर गाडी प्रवाशांसाठी निघू नये. हातगिअरच्या गाडीवरून आलेल्या चालकाला नवी गाडी देण्यापूर्वी सपगार प्रशिक्षण द्यावे, आणि ते पूर्ण झाल्याचा दाखला त्याच्याकडे राहावा, कंपनीकडे नव्हे. डिझेल असो वा वीज, खपावरून पगार कापणे बंद व्हावे.

आणखी एक बाब लहान दिसते, पण ती आम्ही भाठागावच्या त्या चालकाकडून शिकलो. त्याच्या गाडीत बिघाड होताना समोरच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि आकडे उमटत. त्याने ते तसेच्या तसे वहीत उतरवून ठेवले होते. अर्थ त्याला माहीत नव्हता आणि कोणी सांगितलाही नव्हता. प्रत्येक गाडीत अशा संकेतांचा हिंदीतला तक्ता चालकाच्या नजरेसमोर लावलेला असावा: कोणता दिवा लागला तर गाडी आगारापर्यंत न्यावी आणि कोणता लागला तर आहे तेथेच थांबवावी. असा तक्ता तयार करण्यास कंपनीने टाळाटाळ केली तर तो आपल्या संघटनेनेही छापावा; तो गाडीत लावू देण्याचे कलम मात्र करारातच आले पाहिजे.